भाव करावा, पण कागदावर

स्टेशनाबाहेर कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालणारी डोंबिवलीची माणसे मोटारीच्या दुकानात शिरताच एकदम गोगलगाय का होतात, याचा वाचकहो, आपण कधी विचार केला आहे का? तेथे हवा थंडगार असते, ट्रेमधून पाणी येते, टाय बांधलेला मुलगा ‘काका, काकू’ करतो, आणि मग आठनऊ लाखांच्या वस्तूला ‘जरा कमी करा’ म्हणायला जीभ रेटत नाही. ही भीड मोठी महाग पडते.

आमच्या घरी गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. सासूबाईंना आठवड्यातून तीन दिवस पहाटे डायलिसिसला न्यावे लागते. त्या वेळी रिक्षा मिळाली तर मिळाली, आणि पावसात ते चढणे-उतरणे त्यांना सोसत नाही. ह्यांच्या फंडातून काढलेले पैसे मोजकेच. त्यातून जे वाचेल ते औषधपाण्याला. तेव्हा मी भिडेला रजा दिली आणि घरबसल्या भाव करायचा असे ठरवले.

आधी गाडी, तिचा प्रकार आणि रंग पक्का केला. मग डोंबिवली, कल्याण, ठाणे आणि नवी मुंबई येथल्या चार विक्रेत्यांना एकच मजकूर ई-मेलने धाडला: ‘गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा सर्व खर्च कलमवार लिहून द्यावा. हेच पत्र आणखी तिघांना पाठवले आहे.’ शेवटचे वाक्य अर्थातच मुद्दाम! एकाने उत्तराऐवजी फोनांचा सपाटा लावला. म्हणे, ‘शोरूमला या, बसून बोलू.’ बसले की भीड आलीच. मी गेले नाही. दुसऱ्याने नुसती बेरीज पाठवली. उरलेल्या दोघांनी मात्र कलमे लिहिली, आणि पाणी कुठे मुरते ते कळले.

एक्स-शोरूम किंमत दोघांचीही रुपयाला रुपया सारखी. रस्ताकर सरकारी कोष्टकाप्रमाणे. तिथे घासाघिशीला जागाच नाही. फरक होता तो शेपटात. विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा असे बंधन नाही, म्हणून त्याच अटींचा विमा मी बाहेर विचारला, तर तो अकरा हजारांनी स्वस्त निघाला. तो आकडा कळवताच विक्रेत्याचाही विमा खाली आला. ‘हाताळणी खर्च’ म्हणजे नेमके काय, असे लेखी विचारले, तर पुढच्या पत्रात ते कलम दिसलेच नाही! सीटकव्हरे आणि पायपुसण्यांचा ‘सक्तीचा’ संचही नको म्हटल्यावर सक्तीचा राहिला नाही.

‘कंपनीच जास्त सूट देऊ देत नाही,’ असेही उत्तर येते. ते दर वेळी थापच असते असे नाही बरे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला, तो याच कारणासाठी. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे विक्रेत्यांना सूट देता येत नसे, आणि कोण देतो ते पाहायला बनावट गिऱ्हाइके पाठवली जात, असा आयोगाचा निष्कर्ष. प्रकरणाची सुरुवात एका निनावी ई-मेलने झाली, आणि त्यातली तक्रार मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातल्या विक्रीबद्दलच होती. कंपनीने पुढे अपील केले. सांगायचे ते इतकेच, की टायवाल्या मुलावर तोंडसुख घेऊन काही साधत नाही. त्याच्या हातात दुसऱ्या विक्रेत्याचा लेखी आकडा द्यावा. तो वरिष्ठांपुढे ठेवणे त्यालाही सोपे जाते.

शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय मोजले, त्यावर मात्र विसंबू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला, आणि जुने हिशेब रद्दीत जमा झाले. आकडा ताजा घ्यावा, तो किती दिवस चालेल ते लिहून घ्यावे, आणि आगाऊ रक्कम परत मिळण्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वी वाचाव्यात. वर्षअखेरीस मोठी सूट दिसली तर गाडी कोणत्या साली बनली तेही विचारावे. पुढे विकायच्या वेळी ते साल मोजले जाते.

राहता राहिला मुहूर्त. सासूबाईंना गाडी पाडव्यालाच दारात हवी होती, आणि ती तशी आलीही. परंतु ज्याला पाडवाच हवा, तो भाव फार ताणणार नाही, हे विक्रेता पुरते ओळखून असतो. म्हणून पत्रात पाडव्याचा उल्लेख मी कटाक्षाने टाळला होता. एकूण रकमेवर त्यांची सही झाली, आणि मगच तारीख सांगितली.