‘विद्यार्थी-खेळाडू’ : एका शब्दाचा प्रताप

शब्द दिसावयास निर्दोष असला म्हणजे तो निरुपद्रवी असतोच असें नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रांत रूढ असलेला ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा असाच एक जोडशब्द आहे. तो ऐकतांच अभ्यास सांभाळून सायंकाळीं मैदानावर उतरणारा एखादा गुणी मुलगा वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहील. परंतु या शब्दाचा जन्म कौतुकांतून झालेला नाहीं. तो भरपाईच्या भीतींतून झाला. जायबंदी खेळाडू कामगार-भरपाईच्या कायद्याचा आधार घेतील हें भय १९५० नंतरच्या दशकांत उत्पन्न होतांच एन.सी.ए.ए. या मध्यवर्ती संस्थेनें तो प्रचारांत आणला. आणि तिचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनींच १९९५ सालच्या आपल्या पुस्तकांत तशी कबुली दिली.

केंट वॉल्ड्रेप याची हकीकत या शब्दाचें मोल सांगेल. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघांत तो ‘रनिंग बॅक’ होता. आमच्या फुटबॉलशीं या खेळाचें नातें केवळ नांवापुरतें; येथें रनिंग बॅकनें चेंडू काखेंत घट्ट धरून धिप्पाड प्रतिपक्षीयांच्या भिंतींत घुसावयाचें असतें. २६ ऑक्टोबर १९७४ रोजीं बर्मिंगहॅम येथें अलाबामाविरुद्ध असाच धांवत असतां तो डोक्यावर आदळला आणि त्याचें मानेखालील शरीर लुळें पडलें. वय होतें वीस. प्रेक्षक, अर्थात्, तिकिटें काढून आलेले होते.

१९९३ सालीं टेक्सासच्या कामगार-भरपाई आयोगानें त्याला विद्यापीठाचा नोकर ठरवून आठवड्यास ७० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च मंजूर केला. विमा कंपनीनें तेवढेंही नाकारून न्यायालय गांठलें. १९९७ मध्यें ज्यूरीनें तो नोकर नव्हता असा कौल दिला. २००० सालीं अपील न्यायालयानें तोच कायम केला. कारणें काय? करार करतांना उभयपक्षांचा हेतु नोकरीचा नव्हता. शिष्यवृत्तीवर त्यानें प्राप्तिकर भरला नव्हता. खेळ बिघडला म्हणून ती काढून घेतां येत नव्हती.

शेवटचा मुद्दा वजनदार आहे, हें आम्ही मान्य करतों. पण पहिल्याचें काय? ज्या नियमांखालीं करार झाला त्यांत वेतनास मुळीं बंदीच होती. आधीं वेतन निषिद्ध करावयाचें, आणि मग वेतन ठरलें नव्हतें म्हणून नोकरीच नव्हती असें म्हणावयाचें, हा न्याय आमच्या बुद्धीस पटत नाहीं. शाळेंतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाच्या ‘हेतू’ला तेथें किती वाव होता? धोका जाणूनच तो मैदानावर उतरला, असेंही सांगण्यांत येतें. गवंडीदेखील परांचीवर धोका जाणूनच चढतो. भरपाईचा कायदा झाला आहे तो त्याच्याचसाठीं.

न्यायालयाच्याही मनांत कांहीं खुटखुट असावी. हा निकाल त्या काळच्या परिस्थितीपुरता आहे, आज तसेंच प्रकरण आल्यास काय ठरेल याविषयीं आपण मत देत नाहीं, अशी पुस्ती त्यानें जोडली. पुढें २०२१ पासून खेळाडूंस आपल्या नांवाचा मोबदला घेतां येऊं लागला. २०२५ च्या तडजोडीनें प्रत्येक विद्यापीठास वर्षाला सुमारें २ कोटि ५ लक्ष डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वांटण्याची मुभा मिळाली. गंभीर अपघाताचा विमाही संस्थेनें काढला आहे. पण तो तिच्या अटींवर, खेळाडूचा हक्क म्हणून नव्हे. आणि नोकर मात्र त्या तडजोडीनेंही त्याला ठरविलेलें नाहीं.