गर्दी सरल्यावर या!

आमच्या सोलापुरात सात रस्ता नावाचा चौक आहे. नावाप्रमाणे तिथून सात दिशांना सात रस्ते फुटतात, आणि आमचे बिऱ्हाड त्यांतल्याच एका रस्त्यावर असल्यामुळे सोलापूर कुठे निघाले आहे हे मला खिडकीत बसून कळते. दिवाळीची सुट्टी लागली की पहाटे पाचपासून प्रवासी गाड्यांचे कर्णे सुरू होतात. बायका चकलीचे डबे सांभाळत, पुरुष पिशव्या मोजत, मुले पेंगत गाडीत चढतात. पाच दिवसांत अकरा ठिकाणे उरकून परततात, आणि परतल्यावर अंग दुखते म्हणून दोन दिवस झोपून काढतात. ह्याला आपण विश्रांती म्हणतो!

मी बालवाडीची बाई. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, मुले घरी गेली की उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. प्रवासाविषयी चार शहाणपणाचे शब्द सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु ह्या उरकाउरकीवर माझा राग आहे, तो जुना आहे, आणि यंदा तो बोलून टाकायचे मी ठरवले आहे. दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये म्हणतात. पण घरातली भांडणे सणालाच निघतात, हे कोणत्या घराला ठाऊक नाही?

निमित्त झाले माझ्या बहिणीच्या मुलाचे. तो डब्लिनला नोकरीस आहे. मागे एका नोव्हेंबरात त्याने चार दिवसांची रजा काढली आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मालबे नावाच्या लहानशा गावात जाऊन राहिला. विली क्लॅन्सी नावाच्या एका मोठ्या पाइपवादकाच्या स्मरणार्थ तिथे १९७३ पासून दर जुलैत संगीताची शाळा भरते, आणि त्या आठवड्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. हा गेला तेव्हा बाहेर पाऊस, वारा आणि निम्मी दुकाने बंद. रात्री तो गावातल्या पबमध्ये जाऊन बसला.

पब हा शब्द कानावर पडताच आमच्या सासूबाईंची जपमाळ थांबली. पण पुढची हकीकत ऐकून ती पुन्हा सुरू झाली. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गावचीच सहा-सात माणसे बसली होती. कोणाकडे फिडल, कोणाकडे लाकडी बासरी, एका आजीबाईंच्या हातात काँसर्टिना नावाची ओंजळीत मावणारी पेटी. व्यासपीठ नाही, तिकीट नाही, निवेदक नाही. वाजवणारे एकमेकांकडे तोंड करून बसलेले. ऐकणाऱ्यांकडे त्यांची पाठ! एकाने चाल सुरू करावी, ज्याला ठाऊक असेल त्याने मिसळावे, नसेल त्याने ऐकत राहावे. चार रात्री भाचा तिथेच बसला. बघायची म्हणून काढलेली सगळी ठिकाणे बघायची राहिली, आणि त्याचे त्याला काही वाटले नाही.

शेवटी तो फोनवर म्हणाला, "मावशी, आपल्याकडे असं काही नाही गं."

मला उत्तर देता आले असते. पण मी गप्प राहिले. कारण आपल्याकडे असे काही आहे हे मला पक्के ठाऊक होते, आणि त्याच्या उंबऱ्यावरून माझ्या वडिलांचा हात धरून मीच त्यांना ओढून आणले होते.

आमचे अण्णा गिरणीत मागावर होते. सोलापुरातली पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून भोवतालच्या खेड्यांतली माणसे इथे येत राहिली. ती येताना टाळ घेऊन आली. अण्णांच्या चाळीतही भजनी मंडळ होते. एकादशीला पाळी सुटली की मंडळी अंगावरचा कापूस झटकून मारुतीच्या देवळात बसत, आणि अण्णा पखवाजाला कणीक लावीत. पुढे गिरण्या बंद पडल्या, चाळ पांगली, पखवाज खुंटीवर गेला. त्यानंतर अण्णांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, ती पुनःपुन्हा मागितली. "पोरी, गर्दी सरल्यावर एकदा पंढरीला ने. मार्गशीर्षात देव विष्णुपदावर असतो. तिथं बसू."

मार्गशीर्षात माझी बालवाडी चालू असते. म्हणून मी त्यांना दिवाळीच्या सुट्टीत नेले. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर आणि वाटेतली आणखी पाच ठिकाणे: चार दिवसांत नऊ! पैसे भरले, पावती घेतली, सात रस्त्यावर गाडीत बसलो. पंढरपूरला आम्हांला पाऊण तास मिळाला. ज्या देवळाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावले, त्या देवळापुढे आम्ही शिट्टी वाजेपर्यंत उभे होतो. लांबूनच मुखदर्शन घेतले. चोखोबांच्या समाधीला पळता पळता हात जोडले.

परतताना एका बोळातल्या मठातून पखवाज ऐकू आला. अण्णा थांबले. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "अण्णा, गाडी सुटेल. पुढच्या खेपेला येऊ." त्यांनी काही न बोलता चपला पुन्हा पायांत घातल्या. गाडीशी आलो, तर कोणी बाई बांगड्या घेत राहिल्या म्हणून गाडी आणखी अर्धा तास तिथेच उभी राहिली. पुढच्या श्रावणात अण्णा गेले.

प्रवास काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी नऊ ठिकाणे कबूल केली होती, नऊ दाखवली. दोष माझा, आणि वाचकहो, राग येऊ देऊ नका, तुमचाही. कमी पैशांत जास्त ठिकाणे हा हिशेब आपणच मांडतो. भाजीच्या पाटीवर घासाघीस करावी तशी देवांवर आणि डोंगरांवर करतो. मग गाव आपल्याला दिसणार कसे? हंगामात गेले की गावाचा हंगामी चेहरा दिसतो. दुकानदार दुकानात बुडालेला, पुजारी रांगेत बुडालेला, आणि आपण आपल्यासारख्याच हजारोंच्या पाठी बघत उभे. आपल्याच सात रस्त्यावरची गर्दी पाहायला आपण पैसे मोजून परगावी जातो!

गैरसमज नको. वारीशी माझे भांडण नाही. आळंदीहून पायी निघालेला वारकरी अठरा-वीस दिवस चालतो, वाटेत गातो, वाळवंटात टेकतो. त्याच्याइतका सावकाश प्रवासी दुसरा कोण? वारीची गर्दी ही गाणाऱ्यांची गर्दी आहे. माझे भांडण आहे ते न चालता, न गाता, न थांबता 'झाले एकदाचे' म्हणणाऱ्या आपल्या गर्दीशी.

गेल्या मार्गशीर्षात मी तीन दिवसांची किरकोळ रजा घेतली. सोमवारी सकाळी मी, यजमान आणि सासूबाई साध्या एस.टी.ने निघालो. सत्तरेक किलोमीटरची वाट. कार्तिकी होऊन गेलेली, माणसांचा पूर ओसरलेला. एका मठात खोली मिळाली. चुरमुऱ्यांच्या दुकानदाराने चुरमुरे देण्याआधी आमचे गाव विचारले, मग पोरेबाळे विचारली, मग सोलापुरातल्या आपल्या मेहुण्याची तक्रार सांगितली. देवाच्या पायांवर डोके ठेवले तेव्हा कोणी खांद्याला धरून ओढले नाही. नामदेवाच्या पायरीपाशी सासूबाई पाऊण तास नुसत्या बसून राहिल्या. त्याच पाऊण तासात मागे आम्ही अख्खे पंढरपूर उरकले होते.

दुसऱ्या दिवशी होडीने विष्णुपदाला गेलो. गोपाळपुराजवळ चंद्रभागेच्या पात्रातच हा दगडी मंडप आहे. मार्गशीर्षभर विठोबाचा मुक्काम इथे असतो अशी श्रद्धा आहे, आणि पंढरपूरकर घरून शिदोरी घेऊन इथे वनभोजनाला येतात. चार घरची माणसे आपापले डबे सोडून बसली होती: ज्वारीच्या भाकरी, वांग्याचे भरीत, शेंगांची चटणी, दही. शेजारच्या बाईंनी न विचारताच आमच्या पानात भरीत वाढले.

जेवणे झाल्यावर सहा-सात जण गोल करून बसले. एक निवृत्त एस.टी. चालक, एक फुलवाला, एक शाळा बुडवून आलेला पोरगा, बाकीचे म्हातारे. दोन टाळ, एक पखवाज. रूपाच्या अभंगाने सुरुवात झाली, आणि मी पाहिले तर ही माणसेही एकमेकांकडे तोंड करून बसली होती. आमच्याकडे त्यांची पाठ! थोड्या वेळाने त्या पाठींतलीच एक बाजूला सरकली आणि माझ्यापुढे एक टाळजोडी आली. माझा ठेका चुकत होता. कोणी वळून पाहिले नाही, कोणी हसले नाही. मग फुलवाल्याने विचारले, "गौळण कोण म्हणतंय?" आणि आमच्या सासूबाईंनी, वीस वर्षांत देवघराबाहेर ज्यांचा सूर मी कधी ऐकला नव्हता त्यांनी, त्यांच्या आईची गौळण म्हटली. पहिल्या दोन ओळी कापऱ्या आवाजात. नंतर त्या सगळ्यांच्या पुढे होत्या.

एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हते. सहल ह्यासाठी असते, दुसरे काय?

आता तुमचे आक्षेप. सुट्टी हंगामातच मिळते, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते, आणि ते म्हणण्याची काय किंमत मी दिली ते वर सांगितले आहे. अकरा ठिकाणांचे पाच दिवस मोडा आणि एका ठिकाणाचे तीन दिवस घ्या. रजा कमीच लागेल. दुसरे, तुम्ही म्हणाल की हे सारे आयतेच हुरडा पार्टीत मिळते. मिळते खरे! शहराबाहेर मोठे मांडव पडतात, प्रवेशाला पैसे असतात, आगटी पेटते, आणि कर्ण्यावर कानठळ्या बसवणारी गाणी लागतात. चोळून हातावर दिलेला गूळभेंडीचा कोवळा हुरडा त्या गोंगाटात गोड लागतो, हा त्या ज्वारीचा मोठेपणा.

तिसरा आक्षेप शहाण्यांचा आहे: परंपरा टिकायची तर टिकेल, आपण जाऊन काय होणार? आयर्लंडचेच पाहा. १९३५ साली तिथे सार्वजनिक नाचांना परवाना लावणारा कायदा झाला, आणि त्याच्या धाकाने घरोघरचे नाचगाणेही मंदावले. १९५१ साली मुलिंगार गावी काही वादकांनी एकत्र येऊन संस्था काढली, शाखा पसरवल्या, मुलांना शिकवले. आणि माझ्या भाच्याने पाहिलेली ती पबमधली बैठक? ती फोफावली मोठ्या अंशी लंडनमध्ये, पोटासाठी गाव सोडून गेलेल्या आयरिश मजुरांमध्ये. आमच्या अण्णांच्या चाळीसारखीच! संगीत आपोआप टिकत नाही. त्याच्यासाठी कोणाला तरी बसावे लागते, आणि बसायला वेळ लागतो.

चौथा आक्षेप माझा मलाच आहे. हे छापून आल्यावर तुम्ही सगळे विष्णुपदावर लोटलात तर? तर माझी एक विनंती आहे. या, पण फोन उंच धरून उभे राहू नका. मागे बसा, टाळ पुढे आला तर घ्या, ठेका चुकला तर चुकू द्या. आणि पंढरपूरच कशाला? तुमच्या आजोळच्या देवळातही गुरुवारी कोणी तरी बसत असेल. तिथे दोन टाळ असतील आणि तिसरा वाजवणारा नसेल.

ही दिवाळी सरेल, कार्तिकी होईल, मग मार्गशीर्ष लागेल. घरात कोणी म्हातारे माणूस कुठे तरी 'बसायला' ने म्हणत असेल, तर त्याला तेव्हा न्या. यंदाच न्या. आणि कुठल्या उंबऱ्याशी त्याने चपला काढल्या, तर त्याच्या शेजारी तुमच्याही काढा.