हेडफोन बदलताय? कसोटी एकच : आवाज किती कमी करता येतो

रॉक आणि मेटल ऐकणाऱ्यांची एक नेहमीची अडचण असते. स्वस्तातल्या इअरफोनवर गाणे भरीव वाटत नाही, म्हणून ते आवाज वाढवतात. आवाज वाढवला की कान ठणकतो, म्हणून नवा हेडफोन शोधू लागतात. आणि बाजार त्यांच्यापुढे काय ठेवतो, तर ‘एक्स्ट्रा बेस’! हप्ते बांधून दहा-पंधरा हजार रुपये मोजायचे आणि गिटार आधीपेक्षाही मागे गेलेली ऐकायची, असा हा व्यवहार. म्हणून या खरेदीची कसोटीच बदलायला हवी. ज्या हेडफोनवर कमी आवाजातही गाण्यातले प्रत्येक वाद्य ओळखू येते, तोच चांगला. बाकी सगळे नंतर.

मेटलसाठी वेगळा विचार कशाला?

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, बेस गिटारची ४१ हर्ट्झवर. मेटलमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या सात तारांच्या गिटारवर ही सीमा ६२ हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणजे गिटार, बेस गिटार आणि बास ड्रम असे तिघेही खालच्या पट्टीत दाटीवाटीने बसलेले असतात. त्यात गिटार डिस्टॉर्शनमधून गेली की मूळ सुरावर उपस्वरांचा थर चढतो. तिची धार आणि करकरीतपणा साधारण १ ते ४ हजार हर्ट्झच्या टापूत असतो. गायकाचा आवाज आणि ड्रमच्या ठोक्याची टोकदार सुरुवातही याच टापूत. सिंबलची सळसळ त्याच्या वर.

तानपुऱ्यावरच्या गायनात दोन स्वरांमध्ये मोकळी जागा असते. मेटलमध्ये ती जवळपास नसतेच. त्यामुळे हेडफोनने एखादा टापू जरा जास्त पुढे आणला की दुसरे वाद्य थेट झाकले जाते. मध्यल्या टापूत खळगा असलेल्या हेडफोनवर गिटार पडद्याआड गेल्यासारखी वाटते. उलट, वरच्या टापूत उंचवटा असेल तर सिंबल अर्ध्या तासात डोके उठवतात.

बेस जास्त असेल तर बिघडले कुठे?

ढोल-ताशा पथक आठवा. ढोलाचा दणका छातीत बसतो, पण ताल कळतो तो ताशामुळे. ताशा ऐकूच आला नाही तर उरतो तो नुसता गडगडाट. मेटलमधल्या डबल बास ड्रमचे तसेच आहे. मिनिटाला २०० बीट्सच्या लयीत एका बीटला चार ठोके पडले, तर एका सेकंदात १३ हून अधिक ठोके होतात. दोन ठोक्यांत अंतर उरते अवघे ७५ मिलीसेकंद. फुगवलेल्या बेसमध्ये आधीच्या ठोक्याचा घुमारा पुढच्या ठोक्यावर सांडतो आणि वादकाची सारी मेहनत एकसलग गुरगुर होऊन कानावर येते.

याचा अर्थ बेस नकोच, असा नाही. आवाज कमी असताना माणसाच्या कानाला खालचे सूर मुळातच क्षीण ऐकू येतात. त्यामुळे बेसचा माफक उठाव उपयोगाचाच. तो खाली, बास ड्रमच्या टापूतच थांबला पाहिजे, गिटारवर चढता कामा नये.

ओपन बॅक की क्लोज्ड बॅक?

ज्यांच्या कपाची मागची बाजू जाळीदार असते ते ओपन बॅक. त्यात आवाज कोंडत नाही, वाद्ये सुटी सुटी वाटतात. सेनहायझरचा एचडी ६०० किंवा ग्राडोचे हेडफोन ही याची प्रसिद्ध उदाहरणे. पैकी ग्राडोचा पुढे येणारा, धारदार गिटारस्वर रॉकच्या चाहत्यांना विशेष आवडतो. पण ओपन बॅकमधून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. लोकलमध्ये, एसटीत किंवा दोन खोल्यांच्या घरात त्याचा उपयोग नाही.

तिथे क्लोज्ड बॅकच हवा. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स किंवा बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हे स्टुडिओतही वापरले जाणारे हेडफोन या गटातले. रोजचा प्रवास मोठा असेल तर नॉइज कॅन्सलेशन ही चैन समजू नये. गाडीची घरघर ही खालच्या सुरांची असते आणि हे तंत्र नेमके तेच सूर कापते. घरघर गेली की तिच्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवावा लागत नाही.

फोनला झेपेल का?

खोक्यावर ‘ओहम’मध्ये दिलेला आकडा म्हणजे इम्पीडन्स. तो जितका जास्त, तितके त्याच आवाजासाठी जास्त व्होल्टेज लागते. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. फोनच्या चिमुकल्या अडॅप्टरवर तो मलूल वाटण्याची शक्यता मोठी. डीटी ७७० प्रो एकाच नावाने ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. फोनवर ऐकणाऱ्याने स्वस्त मिळतो म्हणून २५० ओहमचा उचलला, तर अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च मागून येतो. म्हणून आकडा आधी वाचावा. इम्पीडन्सइतकीच सेन्सिटिव्हिटीही महत्त्वाची. ती जास्त असेल तर फोनचे काम सोपे होते.

ब्लूटूथचा बाऊ मात्र करू नये. डिस्टॉर्शनने भरलेल्या गाण्यात चांगल्या कोडेकमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा हेडफोनच्या घडणीमुळे पडणारा फरक कितीतरी मोठा असतो.

महाग म्हणजे चांगला?

नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोनची मोजणी करण्यात आली. किंमत आणि कोणता सूर किती पुढे येतो याचा आलेख, यांत काहीच परस्परसंबंध आढळला नाही. जास्त पैशांत मजबुती, आराम, नॉइज कॅन्सलेशन आणि बोधचिन्ह मिळते. समतोल आवाज मिळेलच असे नाही.

म्हणून खरेदीआधी एक फुकटचा प्रयोग करावा. फोनमधल्या किंवा संगीताच्या अ‍ॅपमधल्या इक्वलायझरमध्ये १५० ते ३०० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने खाली आणा आणि आठवडाभर तसेच ऐका. गिटार मोकळी झाली आणि समाधान झाले, तर पैसे वाचले. नाही झाले, तरी आपल्याला नेमके काय खुपते हे कळते आणि दुकानदारासमोर मोघम बोलावे लागत नाही.

दोष हेडफोनचा की ध्वनिमुद्रणाचा?

इथे अनेकांची फसगत होते. मेटॅलिकाच्या १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बेस गिटार जवळपास ऐकूच येत नाही. ते मिक्सिंग तसेच आहे. कितीही महाग हेडफोन घेतला तरी तिथे बेस उगवणार नाही. त्याच बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबून, जोरकस केला गेला की आवाजाची टोकेच छाटली गेली. ‘गिटार हिरो’ या खेळातली त्याच गाण्यांची आवृत्ती चाहत्यांना अधिक मोकळी वाटली, ती यामुळेच. चांगल्या हेडफोनवर असे दोष लपत नाहीत, उलट उघडे पडतात. म्हणून हेडफोन पारखताना यांऐवजी मेटॅलिकाचा १९९१ चा काळा अल्बम किंवा आयर्न मेडनचा २००० चा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ लावावा. या दुसऱ्या अल्बममध्ये तीन गिटारवादक आहेत. तिघे वेगवेगळे ओळखता आले, तर हेडफोन कामाचा.

मग निवड कशी करावी?

आपल्या ओळखीची तीन गाणी घ्या. फोनचा आवाज निम्म्याच्याही खाली ठेवा. बेस गिटारची चाल गिटारपासून वेगळी कळते का, बास ड्रमचे ठोके मोजता येतात का, सिंबल खुपतात का, हे पाहा. किमान वीस मिनिटे हेडफोन डोक्यावर राहू द्या. पहिल्या मिनिटात दणदणीत वाटणारा हेडफोन बहुधा विसाव्या मिनिटाला नकोसा होतो. ऑनलाइन घेणार असाल, तर परत करण्याची मुदत हीसुद्धा हेडफोनची एक गुणवत्ताच समजा.

कमी आवाजाचा हा आग्रह निव्वळ रसिकतेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते. दाबून जोरकस केलेल्या मेटलमध्ये कानाला विसावा देणारी शांत जागाही फारशी नसते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा येत नाहीत आणि वरचे सूर, म्हणजे सिंबल आणि गिटारची धारच, आधी हरवते. वीस हजारांचा हेडफोन पुढच्या वर्षी बदलता येईल, कान मात्र बदलता येत नाहीत. दुकानातून बाहेर पडताना एवढेच विचारावे : हा हेडफोन मला आवाज वाढवायला लावतो की कमी करू देतो? वाढवायला लावत असेल, तर तो तिथेच ठेवावा.