मुखवटा काढ ना बे!

मनीषनगरमध्ये शनिवारी रात्री करण्यासारखं काय असतं? वर्धा रोडवर जाऊन दोनशे रुपयांची कॉफी प्यायची, नाहीतर घरी बसून सिनेमा बघायचा. या शनिवारी कॉफीचं बजेट नव्हतं. फ्रीलान्सरचा महिना पंधरा तारखेलाच संपतो, हे सत्य आमच्या जमातीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सिनेमा.

पिक्चर ठरवला मिहानमधल्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या रूममेटने. ‘व्ही फॉर व्हेंडेटा’. नोव्हेंबर आला की तिला हा झटका येतोच. टीव्ही मात्र वरच्या मजल्यावरच्या घरमालक काका-काकूंचा, कारण आमच्या लॅपटॉपचा स्पीकर गेल्या दिवाळीत वारला. काकूंनी सांबारवडी तळली होती. आमची दुसरी रूममेट सीएची आर्टिकलशिप करते. ती ‘मी फक्त वडी खायला येते’ असं डिक्लेअर करून आली आणि शेवटपर्यंत बसली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात स्टोरी. पिक्चर २००६ सालचा आहे, त्यामुळे ‘शेवट सांगितला’ म्हणून ओरडायचं नाही. भविष्यातलं इंग्लंड. सत्तेवर एक हुकूमशहा. रात्री कर्फ्यू, टीव्हीवर सरकार म्हणेल तीच बातमी, आणि जो वेगळा तो गायब. अशा लंडनमध्ये व्ही नावाचा एक माणूस फिरतो. चेहऱ्यावर गाय फॉक्सचा मुखवटा. हा फॉक्स १६०५ साली इंग्लंडची पार्लमेंट उडवायच्या कटात पाच नोव्हेंबरला पकडला गेला होता. व्ही त्याचंच अर्धवट राहिलेलं काम हातात घेतो आणि लोकांना म्हणतो, वर्षभराने पार्लमेंटसमोर या. नताली पोर्टमनची ईव्ही ही साधी नोकरदार मुलगी त्याच्या भानगडीत सापडते. शेवटी हजारो लोक तोच मुखवटा घालून रस्त्यावर उतरतात आणि पार्लमेंट फटाक्यांसारखी उडते.

क्रेडिट्स सुरू झाले आणि आमच्याकडे खरा पिक्चर सुरू झाला.

आयटीवाली : ‘‘जाम सही! असा एक माणूस पाहिजे बॉस. बाकी सगळे नुसते फॉरवर्ड करून राहिले.’’

सीएवाली : ‘‘टेररिस्ट आहे तो. इमारती उडवतो, माणसं मारतो. बॅकग्राउंड म्युझिक चांगलं म्हणून हीरो झाला. आणि दुसऱ्या दिवशी काय? बजेट कोण पास करणार? पगार कोण काढणार?’’

काकू : ‘‘ते सोडा. त्या पोरीला तो स्वतःच कोंडतो, डोकं भादरतो, हाल करतो. कायले? तर म्हणे तिची भीती जावी म्हणून! अन् ती शेवटी त्याच्यावरच जीव टाकते. जुलमाविरुद्ध लढाई, अन् सुरुवात एका पोरीवर जुलूम करून?’’

यावर आम्ही तिघी गप्प. मी हा सिनेमा चार वेळा पाहिला आहे, मास कॉमच्या दिवसांत यावर असाइनमेंटसुद्धा लिहिली आहे. त्यात कॅमेरा अँगल होते, सिम्बॉलिझम होतं, काकूंचा प्रश्न मात्र नव्हता.

मग मी माझं नेहमीचं ज्ञान पाजळलं. हुकूमशहा झालेल्या जॉन हर्टने त्याआधी ‘१९८४’ या सिनेमात अशाच राजवटीखाली चिरडल्या जाणाऱ्या माणसाचं काम केलं होतं. व्ही झालेल्या ह्यूगो वीव्हिंगचा चेहरा अख्ख्या पिक्चरमध्ये दिसत नाही. त्याच्या आधी जेम्स प्युरफॉय व्ही होता, त्याने मधेच सोडलं, आणि त्याच्यावर शूट झालेली काही दृश्यं तशीच ठेवून वर वीव्हिंगचा आवाज चढवला. म्हणजे मुखवट्याआड कोण आहे, हे खुद्द पिक्चरमध्येही पक्कं सांगता येत नाही! मूळ कॉमिक ॲलन मूर आणि डेव्हिड लॉइडचं. पण सिनेमावर मूरचं नाव नाही. मला हा सिनेमा मान्य नाही, माझं नाव काढा, असं त्यानेच सांगितलं होतं.

‘‘म्हणजे लिहिणाऱ्याने नाव काढलं,’’ काकूंनी मुद्दा टिपला. काकू मराठीच्या एमए आहेत. त्यांच्यासमोर ज्ञान पाजळताना सांभाळून राहावं लागतं.

आयटीवालीने तोवर मोबाइलवर त्या मुखवट्याचा टी-शर्ट शोधलाही होता. मुखवट्याचे हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत आणि ऑफिशियल मुखवटा विकला गेला की कंपनीला पैसे मिळतात, हे मी तिला सांगितलं. तिचा चेहरा थोडा पडला, पण ऑर्डर कॅन्सल झाली नाही. तसा हा मुखवटा आपल्याकडेही रस्त्यावर उतरला आहे. ९ जून २०१२ ला मुंबईच्या आझाद मैदानात मुलं-मुली हाच चेहरा लावून जमली होती, इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपच्या विरोधात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हता. स्वतःच्या नावाचं अकाउंट होतं. ज्या ६६अ कलमाखाली तो गुन्हा नोंदवला गेला, ते सुप्रीम कोर्टाने २०१५ साली रद्द केलं, तोवर सव्वादोन वर्षं गेली.

काका आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी रिमोट घेतला आणि पिक्चर मागे नेला. स्टीफन फ्रायचा डीट्रिक टीव्हीवर हुकूमशहाची टिंगल करतो, आणि रात्री त्याच्या दारावर माणसं येतात, तिथे थांबवला.

‘‘हे खरं आहे,’’ काका म्हणाले. ‘‘बाकी पिक्चर आहे. हे मात्र असंच असते. रात्रीच येतात.’’

१९७५ साली काका लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली आणि काही दिवसांनी महालातल्या त्यांच्या घरून मोठ्या भावाला उचललं. मिसाखाली. कारण सांगायचं नाही, कोर्टात उभं करायचं नाही. त्यांच्या आईने महिनाभर रोज दोन माणसांचा जास्तीचा स्वयंपाक केला, कारण तो कधी परत येईल ते कोणीच सांगत नव्हतं आणि आला तर सोबत कोणी असेल, असं तिला वाटायचं.

‘‘तुम्ही शिकलेल्या पोरी, तुम्हाला माहीत असेल,’’ असं म्हणून काकांनी जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. अशा कैद्यांच्या अर्जांची सुनावणी कोर्ट करू शकतं की नाही, हाच तेव्हा वाद होता. सरकार म्हणत होतं, नाही. पण करू शकतं, असं म्हणणाऱ्या देशातल्या काही उच्च न्यायालयांत मुंबई हायकोर्टाचं आपलं नागपूर खंडपीठही होतं. सिव्हिल लाइन्समधली तीच इमारत, जिच्यासमोरून आपण हॉर्न वाजवत जातो. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. सरकार जिंकलं. विरोधातला तो एक म्हणजे न्या. एच. आर. खन्ना. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाची त्यांची पाळी होती. ती डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत न्या. वाय. व्ही. चंद्रचूड होते. तो निकाल चूक होता, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात म्हटलं. ते ज्या निकालपत्रात म्हटलं, ते लिहिलं होतं त्यांच्याच मुलाने, न्या. डी. वाय. चंद्रचूड यांनी.

‘‘एकेचाळीस वर्षं,’’ काका म्हणाले. ‘‘खन्नांनी काही उडवलं नाही. वेगळा निकाल लिहिला अन् खाली सही केली.’’

‘‘आणि दुर्गाबाई?’’ काकू म्हणाल्या.

डिसेंबर १९७५, कराडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत, वय ६५. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले परराष्ट्रमंत्री. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, हजारो माणसं तुरुंगात. आणि या बाई भर मांडवात लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या, कैदेत आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. सुती साडी, चष्मा आणि स्वतःचं नाव. एवढाच कॉश्च्युम.

‘‘पण काका,’’ आयटीवाली हार मानणारी नाही, ‘‘सगळ्यांना थोडंच ते जमते? घाबरणाऱ्यांनी काय करावं?’’

‘‘मी घाबरणाराच होतो,’’ काका हसले. ‘‘सायक्लोस्टाइलची पत्रकं सायकलवरून वाटायचो. त्यावर नाव नसायचं कोणाचं. असतं तर मीपण आत गेलो असतो. घाबरणाऱ्याला मुखवटा लागतेच, त्यात पाप नाही. पण कोणीतरी खाली सही करावी लागते ना बाप्पा. सगळेच बिननावाचे राहिले, तर समोरचा काय म्हणते? म्हणते, ही माणसंच नाहीत, भाडोत्री आहेत.’’

वडी माझ्या हातात तशीच राहिली होती. आता ती गोष्ट सांगते, जी मी त्या रात्रीपर्यंत कोणालाच सांगितली नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी मी एका दैनिकासाठी स्टोरी केली. दक्षिण नागपुरातल्या एका लेआउटमध्ये बगिच्यासाठी ठेवलेली मोकळी जागा हळूहळू ‘खासगी’ होऊन राहिली होती. आधी कुंपण, मग टिनाचं शेड, मग वॉचमन. कागद माझ्याकडे होते, फोटो होते. स्टोरी छापून आली तेव्हा वर लिहिलं होतं ‘विशेष प्रतिनिधी’. डेस्कने नाव कापलं नव्हतं. मीच फोन करून सांगितलं होतं, नाव नको. कारण त्याआधी दोन दिवस मला एक अनोळखी कॉल आला होता. अगदी गोड आवाज. ‘‘मॅडम, तुम्ही मनीषनगरला भाड्याने राहता ना?’’ बस, एवढंच.

त्या स्टोरीत एकाच माणसाचं नाव छापलं होतं. त्याच लेआउटमधले एक रिटायर्ड मास्तर. मी त्यांना विचारलं होतं, तुमचं नाव घालू का? ते म्हणाले, ‘‘घाल ना. माझंच नाव आहे.’’ त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांच्या स्कूटरचे टायर तीनदा पंक्चर झाले. शेजारी बोलेनासे झाले. मला त्यांचे दोन मिस्ड कॉल आले होते. मी उचलले नाहीत.

चार वेळा हा पिक्चर पाहून मी दर वेळी व्हीच्या बाजूने टाळ्या वाजवल्या आहेत. आणि दर वेळी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली. शेवटी पार्लमेंट उडताना गर्दी काय करते, आठवतं? मुखवटे काढते. एकेक चेहरा दिसतो, मेलेल्यांचेसुद्धा. जगभर ज्याच्या मुखवट्याचे टी-शर्ट झाले, तो पिक्चर संपतो मुखवटा उतरवून.

मी हे सगळं सांगितल्यावर खोलीत शांतता. सीएवालीने हळूच प्लेट माझ्याकडे सरकवली. मी काकांना म्हटलं, मला वाटलं, तुमच्या घरावर काही आलं तर?

‘‘माझ्या घरासाठी तू नाव काढलं?’’ काका चक्क चिडले. ‘‘काहून? मला विचारलं होतं का? ज्या घरून भावाला नेलं, त्याच घरचा आहे मी.’’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘भाडं तेवढं वेळेवर देत जा.’’

रविवारी सकाळी मी मास्तरांकडे गेले. त्यांनी चहा केला. मिस्ड कॉलबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘दुसरा भाग लिहिते का?’’ सोमवारी स्टोरीचा दुसरा भाग मेल केला आणि शेवटी एक ओळ टाकली : या वेळी माझं नाव टाका. पाठवताना बोट किती वेळ थांबलं होतं, ते विचारू नका. भीती गेलेली नाही. अनोळखी नंबर आला की पोटात अजून गोळा येतो. पण आता त्या बातमीत मास्तर एकटे नाहीत.

आमच्या घरात व्ही हीरो की टेररिस्ट, हा वाद अजून मिटलेला नाही. सीएवालीला अजून बजेटची काळजी आहे आणि काकूंनी त्याला अजून माफ केलेलं नाही. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. फक्त एक रिक्वेस्ट आहे. पत्राखाली नाव लिहा.

ता. क. : रूममेटचा टी-शर्ट आला. साइज चुकली. परत पाठवायचा फॉर्म ती आत्ता भरून राहिली आहे. पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं कम्पल्सरी!