शक्यच नाही

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर युरेनियम कशाला, असं वाटेल. पण आमच्यापुरती ही गोष्ट सुरू झाली ती दिवाळीतच. २०१९ सालची भाऊबीज २९ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुवीज प्रकल्पाने खुलासा केला : आमची नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या कुठल्याही जाळ्याला जोडलेली नाही, सबब सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी हा प्रकल्प चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने कबूल केलं, की प्रशासकीय कामाच्या संगणकात मालवेअर सापडलं होतं. ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ४ सप्टेंबरलाच तसं कळवलंही होतं. अणुभट्टीला धक्का लागला नव्हता, हे खरं. पण ‘शक्यच नाही’?

इराणमधलं नातान्झचं अणुकेंद्र तरी कुठे इंटरनेटला जोडलेलं होतं! स्टक्सनेट नावाचा संगणकी व्हायरस तिथे शिरला तो बहुधा पेनड्राइव्हवरून. युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज १०६४ हर्ट्झला फिरायची. त्याने ती १४१० वर नेली, पूर्ववत केली, जवळजवळ महिनाभर साळसूदपणे गप्प बसला आणि मग एकदम २ वर आणली. २०१० मध्ये बेलारूसमधल्या एका कंपनीने त्याला हुडकलं, तोवर सुमारे हजार सेंट्रिफ्यूज बाद झाली असावीत. बोट अमेरिका आणि इस्रायलकडे दाखवलं जातं. अधिकृत होकार कुणाचाच नाही.

बॉम्ब पडला की निदान कळतं. इथे पडद्यावर सगळे आकडे ठणठणीत होते, कारण ते आधी टिपून ठेवलेले जुने आकडे होते. समोर बसलेल्या इंजिनिअरांनी संशय घ्यायचा कुणावर? सुट्या भागांवर, शेजारच्या टेबलावर, शेवटी स्वतःवर. मला या हत्याराची धास्ती वाटते ती इथे.

एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. संबंध कितीही ताणलेले असोत, १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांच्या हाती देतात. करारात अक्षांश-रेखांशही कळवायचं ठरलं आहे. तेव्हा भीती विमानांची होती. स्टक्सनेटला रेखांश लागलेच नाहीत. लाखभर संगणकांत, त्यांत भारतातल्याही, तो शिरला. तिथे नुसता दबून राहिला आणि सीमेन्सचा एक ठरावीक कंट्रोलर शोधत राहिला.