सुरुवातीची उंची कोण मोजणार?

“आकाश सगळ्यांना सारखेच असते.”

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरातल्या महाविद्यालयाच्या मैदानावर हे वाक्य मला ऐकवण्यात आले. ऐकवणारे गृहस्थ स्पर्धेचे आयोजक होते आणि आपण काहीतरी उदात्त बोलतो आहोत असा त्यांचा समज होता. माझ्यासोबत आमच्या विहारातल्या अभ्यासवर्गाची तीन पोरे होती. एक आयटीआयचा, दोघे अकरावीचे. त्यांच्या हातात थर्मोकोल, बांबूच्या कामट्या आणि पॅकिंगची टेप यांतून बनवलेले ग्लायडर होते. इंजिन नाही, मोटर नाही. हाताने फेकायचे आणि रेडिओच्या रिमोटने वळवत जास्तीत जास्त वेळ हवेत ठेवायचे. ज्याचा वेळ जास्त, तो जिंकला.

गोंदियाहून आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात बसून गेलो. आमचा नंबर लागला सकाळी पावणेआठला. मैदानावर धुके होते, गवत ओले होते. पोराने जीव तोडून फेकले. ग्लायडर ३८ सेकंदांत खाली आले. नंतर ऊन चढले. साडेअकराला कार्बन फायबरचे ग्लायडर घेऊन शहरातली मुले आली आणि चार-चार मिनिटे तरंगत राहिली. सगळ्यांचे वेळ एकाच फळ्यावर एकाखाली एक लिहिले गेले. आम्ही तळाला.

मी विचारले, साहेब, पावणेआठची हवा आणि साडेअकराची हवा एकाच फळ्यावर कशी? त्यावर त्यांनी ते आकाशाचे वाक्य टाकले आणि वर म्हणाले, “शेवटी मेरिट ते मेरिटच.”

मित्रांनो, हा लेख त्या वाक्याला उत्तर आहे. तिथे मला ते सुचले नाही. परत आल्यावर या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम वाचून काढले, तेव्हा कळले की त्या गृहस्थांना जातच नव्हे, त्यांचा स्वतःचा खेळही कळलेला नाही.

आधी हवेचे सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. बिनइंजिनाचे विमान सतत खालीच येत असते. शांत हवेत चांगले मॉडेलसुद्धा सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास उतरते. म्हणजे १०० मीटरवरून सोडले तर तीन-साडेतीन मिनिटांत जमिनीवर. मग दहा-दहा मिनिटे कसे टिकतात? ऊन चढले की जमीन तापते, पण सगळी सारखी तापत नाही. आपल्या भागात धान कापल्यावर कोरडी पडलेली बांधी लवकर तापते, खळे तापते, कौलारू घरांची वस्ती तापते. तलाव मात्र थंडच राहतो. तापलेल्या जागेवरून गरम हवेचा फुगा सुटतो आणि वर चढू लागतो. ग्लायडरवाले त्याला थर्मल म्हणतात. त्यात शिरून गोल गोल घिरट्या घातल्या की विमान उतरण्याऐवजी चढते. घार पंख न हलवता वर जाते ती अशीच. आमच्या पोरांना हे कोणी शिकवावे लागले नाही. गुरे राखणाऱ्याला घार कुठे घिरट्या घालते हे ठाऊकच असते. त्याला ‘थर्मल’ हा शब्द ठाऊक नसतो, एवढेच.

आणि पहाटेच्या धुक्यात थर्मल नसते. म्हणजे पावणेआठला फेकणारा कितीही कुशल असो, त्याच्या पंखाखाली चढती हवाच नाही. ३८ सेकंदांतले किती सेकंद पोराचे आणि किती धुक्याचे?

आता नियम बघा. जगभरच्या हवाई खेळांचे नियम एफएआय ही संघटना करते. तिने रेडिओ ग्लायडरचे वेगवेगळे वर्ग ठरवले आहेत. हाताने थाळीफेकीसारखे गिरकी घेऊन फेकायचे ते एफ-थ्री-के, त्यात पंखांची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त चालत नाही. छोट्या विजेच्या मोटरने वर न्यायचे आणि मग मोटर बंद करून तरंगायचे ते एफ-फाइव्ह-जे. या दोन्हींत स्पर्धकांचे गट पाडतात. एका गटातले सगळे एकाच वेळी, एकाच हवेत उडतात. गटात जो पहिला, त्याला १००० गुण. बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. या गटातल्या माणसाच्या सेकंदांची त्या गटातल्या माणसाच्या सेकंदांशी थेट तुलना करतच नाहीत. का? कारण हवा बदलते हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे. एका हवेत उडालेल्यांचीच एकमेकांशी तुलना होऊ शकते, एवढी साधी अक्कल त्यांनी नियमात लिहून ठेवली. त्यांना कोणी मेरिटचे शत्रू म्हटले नाही.

त्याहून मोठी गोष्ट एफ-फाइव्ह-जे मध्ये आहे. मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालवायची. विमानात बोटाएवढे एक यंत्र बसवलेले असते, अल्टिमीटर. तुम्ही तरंगायला कोणत्या उंचीवरून सुरुवात केली हे ते नोंदवते. मग हवेत टिकलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण मिळतो आणि सुरुवातीच्या उंचीच्या प्रत्येक मीटरमागे अर्धा गुण कापला जातो. २०० मीटरच्या वर गेलात तर वरच्या प्रत्येक मीटरला तीन गुण जातात.

हिशोब करून बघू. एक जण २०० मीटरवरून निघाला आणि ५७० सेकंद टिकला. दुसरा ६० मीटरवरून निघाला आणि ५४० सेकंद टिकला. घड्याळ म्हणेल पहिला पुढे. नियम म्हणतो, पहिल्याचे १०० गेले, उरले ४७०. दुसऱ्याचे ३० गेले, उरले ५१०. उतरण्याच्या अचूकतेचे गुण वेगळे असतात, ते बाजूला ठेवू. गटात दुसऱ्याला १००० आणि पहिल्याला ९२२ च्या आसपास. तीस सेकंद कमी टिकूनही तो जिंकला, कारण तो १४० मीटर खालून निघाला होता.

आता ज्यांना आरक्षण म्हणजे गुणवत्तेचा खून वाटतो, त्यांनी या नियमावर बोलावे. इथे खालून आलेल्यावर कोणी दया दाखवली नाही, कोणी उपकार केला नाही. कौशल्य नेमके मोजायचे असेल तर सुरुवातीची उंची मोजावीच लागते. नाहीतर तुम्ही मोजता ते कौशल्य नसते, फक्त मोटरची ताकद असते. सर्वोच्च न्यायालयानेही २० जानेवारी २०२२ च्या नीट प्रवेशाच्या निकालात हाच मुद्दा वेगळ्या भाषेत मांडला. स्पर्धा परीक्षेतले गुण विद्यार्थ्याला घरातून, समाजातून मिळालेले लाभ दाखवत नाहीत, आणि म्हणून मेरिटचा अर्थ तेवढ्यापुरता ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. न्यायालयाला जे २०२२ मध्ये लिहावे लागले, ते मॉडेल उडवणारी मंडळी बोटाएवढ्या यंत्राने दर रविवारी करतात.

आणि या देशात २०० मीटरच्या वरून कोण निघते हे काय सांगायला पाहिजे? आजोबा वकील, बाप इंजिनिअर, आई प्राध्यापक, कोट्यात दोन वर्षे क्लास. या उंचीचा एक गुण कोणी कापला का? त्या खेळात आणखी एक नियम आहे. एकदा बंद केलेली मोटर हवेत पुन्हा सुरू केली तर त्या उड्डाणाचे गुण शून्य. आपल्याकडे मोटर पुन्हा सुरू करण्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात. डोनेशन भरून डॉक्टर झालेल्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुझे मेरिट किती? आमच्या पोराला मात्र पहिल्याच दिवशी विचारतात, कोट्यातला का?

गंमत अशी की उंची मोजायला यांचा तत्त्वतः विरोध नाहीच. २०१९ मध्ये १०३ वी घटनादुरुस्ती करून आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के आणले. आठ लाख वार्षिक उत्पन्नाखालचा दुर्बल, पण अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधला गरीब त्यात बसणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते तीन विरुद्ध दोन मतांनी टिकलेही. म्हणजे अल्टिमीटर आहे, तो चालतोही, फक्त तो कोणाच्या विमानात बसवायचा हे ठरलेले आहे.

हीच मंडळी ‘आमच्याकडे पूर्वीच विमाने होती’ हेही सांगतात. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेसच्या मंचावर वैमानिक शास्त्राच्या आधाराने तसा निबंध वाचला गेला. त्या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्येच केली होती: ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत. पण ग्रंथ लिहिणाऱ्याला ती उडवून बघायची गरजच कुठे होती? बोलणारे डोके एका जातीचे आणि बांबू तासणारा हात दुसऱ्या जातीचा, ही वाटणी केली की असेच होते. ग्लायडर मात्र ज्याने बनवले त्यानेच फेकायचे असते. पंखाचा कोन चुकला तर ते दोन सेकंदांत नाकावर आपटते, आणि त्याला कोणताही श्लोक वाचवत नाही.

आता आपल्या घरातले बोलू. मी ही गोष्ट एका बैठकीत सांगितली तेव्हा आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्याने विचारले, “दादा, पोरांना नोकऱ्या नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, आणि तुम्ही हे श्रीमंतांचे खेळ कुठून काढले?” प्रश्न खोटा नाही. त्यांचा राग मला समजतो. पण उत्तर बाबासाहेबांनी १९४२ मध्येच देऊन ठेवले आहे. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, आपल्या मुलांना विज्ञानाचे आणि तंत्राचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, हा त्यातला आग्रह होता. त्यासाठी भारतातल्या आणि परदेशातल्या शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या असेही मागितले. ‘शिका’ म्हणजे फक्त पुस्तक नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आपण मात्र ते एमपीएससीच्या गाईडपुरते करून टाकले.

आणि पैशाचे म्हणाल तर साधा रिमोट, रिसीव्हर, दोन सर्वो मोटरी आणि थर्मोकोल हे सगळे काही हजारांत होते. १४ एप्रिलच्या रात्री आपण डीजेला किती देतो? एका रात्रीच्या त्या भाड्यात एका वस्तीच्या पोरांना पुरेल एवढे सामान येते आणि वर्षभर टिकते. यावर मला शिव्या पडणार हे माहीत आहे. पडू द्या.

आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न डोक्यावरून उडतो. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे विमानही उतरते. रोवणीच्या दिवसांत आपल्या आया-बहिणी गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात आणि वर प्रशिक्षणाची विमाने घिरट्या घालतात. त्या विमानात बसायला लाखो रुपये लागतात. महाज्योतीने नागपूरच्या फ्लाइंग क्लबमध्ये ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची सोय केली, ते चांगलेच झाले. पण वैमानिक व्हावे हे स्वप्न अठराव्या वर्षी फॉर्म भरताना पडत नाही. ते बाराव्या वर्षी हातात काहीतरी उडते तेव्हा पडते. अनुसूचित जातींच्या निवासी शाळांत, समाजकल्याणच्या वसतिगृहांत ते का उडू नये? २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. आपल्या तालुक्यात अशी लॅब कुठे आहे आणि तिचे कपाट कोणासाठी उघडते, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीचा विषय निघतो तेव्हा ही मागणी लेखी द्या.

एक सावधगिरी. २०२१ चे ड्रोन नियम मॉडेललाही लागू होतात. नोंदणीचे बघून घ्या, आणि बिरसीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीही उडवू नका. हे भ्याडपणाने सांगत नाही. खाली माणसे बसलेले विमान असते हे पहिले कारण. दुसरे कारण तुम्हाला माहीत आहे: नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेल्या भागात कॉलनीतल्या पोराच्या हातातला रिमोट खेळणे ठरतो आणि आपल्या पोराच्या हातातला रिमोट पुरावा. गावच्या पोलीस पाटलाला आणि ठाण्याला आधी लेखी कळवा, पोच घ्या, मग उडवा.

या डिसेंबरात धान निघाल्यावर आम्ही स्वतःच स्पर्धा घेतो आहोत. गट पाडून, एकाच वेळी, एकाच हवेत, दहानंतर. मोटरच्या वर्गासाठी अल्टिमीटर पाहिजे, त्याची वर्गणी अजून अर्धीच जमली आहे. बांधीचा मालक तयार आहे. त्याची एकच अट आहे, बाजूच्या बांधीत लाखोरी उगवलेली असेल, ग्लायडर तिकडे पडले तर एकानेच आत जायचे आणि धुऱ्यावरून जायचे.