१८ एप्रिल आणि रत्नागिरी

एकाच तारखेस निरनिराळ्या सालीं घडलेल्या गोष्टी शेजारीं शेजारीं मांडून त्यांतून दैवी संकेत काढणें हें ज्योतिषांचें काम. तें आमचें नव्हे. वर्षाचे दिवस तीनशें पासष्ट आणि इतिहास अफाट. तेव्हां असे योगायोग व्हावयाचेच. तथापि रोजकीर्दीवरून जें ध्यानीं येत नाहीं तें खतावणीचें एक पान उघडतांच व्यापाऱ्यास कळतें, तसेंच कांहींसें या तारखांचेंहि आहे. १८ एप्रिलचें पान रत्नागिरीकरांनीं असें एकदां वाचून पहावें, अशी आमची विनंती आहे.

१८५९ सालीं या दिवशीं शिवपुरी येथें तात्या टोपे यांस फांशी देण्यांत आली. १८९८ सालीं याच दिवशीं येरवड्याच्या तुरुंगांत दामोदर हरि चापेकर फांशीं गेले. १९३० सालीं सूर्य सेन व त्यांच्या तरुण सोबत्यांनीं चितगांवच्या शस्त्रागारावर छापा घातला. तो दिवस गुड फ्रायडेचा होता, आणि त्या तरुणांच्या डोळ्यांपुढें आयर्लंडांतील १९१६ चें ईस्टरचें बंड होतें. पुढें त्याच आयर्लंडचा प्रजासत्ताकाचा कायदा अमलांत आला तोहि १८ एप्रिललाच, १९४९ सालीं. येथें एक मौज आहे. डब्लिनचें बंड झालें २४ एप्रिलला. मग मुहूर्त १८ चा कां? तर दोन्ही दिवस ईस्टरच्या सोमवारचे, आणि ईस्टर हा सण चंद्राकडे पाहून ठरतो. म्हणजे आयरिश लोकांनीं तारीख सोडून तिथि पाळली! शिवजयंती तिथीनें करावी कीं तारखेनें, या वादांत ज्यांचा घसा सुकला आहे त्यांनीं एवढें ऐकून ठेवावें.

आतां ज्या नोंदीसाठीं आम्हीं हें पान उघडलें तिच्याकडे वळूं. १८५८ सालीं याच दिवशीं खेड तालुक्यांतील शेरवली येथें धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. टोपे फांसावर चढले त्या दिवशीं हें मूल बरोबर एक वर्षाचें होतें. या मुलानें मोठेपणीं शस्त्र धरलें नाहीं, भाषणहि फारसें केलें नाहीं. १८९३ सालीं त्यानें एका विधवेशीं लग्न केलें, इतकेंच. वधू देवरुखच्या जोशी घराण्यांतली, वर मुरुडचा; दोघेंहि आमच्याच जिल्ह्यांतलीं. आणि मुरुडकरांनीं काय केलें? गांवाची सभा भरविली आणि बहिष्काराचा ठराव केला. स्वतःच्या आईच्या घरीं उतरणेंहि त्यांस दुरापास्त झालें. पुढें १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम, १९१६ सालीं महिला विद्यापीठ, १९५८ सालीं शंभराव्या वर्षीं भारतरत्न, हें सर्व सर्वांस ठाऊक आहे. भारतरत्न मिळाल्यावर माणूस आपल्या गांवचा म्हणून सांगणें सोपें असतें.

याच पानावर आणखी एक नोंद आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे १९७२ सालीं १८ एप्रिललाच वारले. तेहि याच जिल्ह्याचे, दापोलीच्या शाळेंत शिकलेले, आणि १९६३ सालीं भारतरत्न झालेले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पांच खंड १९३० पासून १९६२ पर्यंत निघत राहिले. पानें साडेसहा हजारांहून अधिक. रूढीस शास्त्र म्हणणाऱ्यांनीं हे खंड उघडावे. विधवांच्या केशवपनास वेदांचा आधार नाहीं, ती चाल मागाहून आली, हें त्यांनीं ग्रंथ चाळून दाखविलें. कर्व्यांनीं जें संसारांत केलें त्याचा दाखला काण्यांनीं पोथ्यांतून काढून दिला.

फांशीं गेलेल्यांच्या तसबिरीस हार घालण्यास आमचा विरोध नाहीं; तो घातलाच पाहिजे. परंतु तो हार घालून घरीं परतल्यावर घरांत कांहीं बदलावें लागत नाहीं. कर्व्यांची जयंती मात्र थेट माजघरांत शिरते, म्हणूनच ती शाळा-कॉलेजांवर सोंपविण्यांत येते. केशवपन गेलें, हें खरें. पण मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामपंचायतीस ठराव करावा लागला, कीं पति वारल्यावर बायकोच्या बांगड्या फोडूं नयेत, कुंकू पुसूं नये, मंगळसूत्र व जोडवीं काढूं नयेत. सरकारनें त्याच महिन्यांत परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस तोच कित्ता गिरविण्यास सांगितलें. मुरुडच्या बहिष्कारापासून हेरवाडपर्यंत गांवाच्या ठरावास ही दिशा धरण्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला!

आमचें मागणें थोडें आहे. येत्या १८ एप्रिलला प्रत्येक गांवानें हेरवाडचा ठराव मोठ्यानें वाचावा आणि त्यावर हात वर करावे. ज्यांस नकार द्यावयाचा असेल त्यांनीं तोहि उघड द्यावा. आणि बाजारपेठेंतील आमच्या व्यापारी मित्रांस एवढेंच, कीं नव्या दुकानाच्या पूजेच्या वेळीं, ज्या आईनें पतीमागें तीस वर्षें घर व उधारी दोन्ही सांभाळलीं, ती मागील दारापाशीं उभी असते. पहिली समई तिला लावूं द्यावी.